तीन हजार खात्यांचं मशीन

किस्से रुईसारखे असतात. खोली सकाळी कितीही झाडा, दुपारी टेबलाखाली पुंजका सापडतोच. आणि तो उचलायला वाकलं की कपाटामागं दुसरा. आमचे किस्से तर खरोखरच रुईत साठलेले. यवतमाळच्या बाहेर एका जिनिंगच्या आवारात, वजनकाट्याला लागून असलेल्या खोलीत आमच्या संस्थेचं मशीन होतं. मशीन म्हणजे एक लिनक्स सर्व्हर, आणि त्याच्यावर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांची ईमेल खाती.

ती कापसाची वाईट वर्षं. त्यांच्याबद्दल सांगायला पुष्कळ लोक आले. कॅमेरे घेऊन आले, गाडीच्या काचा वर करून गेले. मी त्यातली नाही. मी मशीनबद्दल सांगते, कारण मशीन मला कळतं.

आता म्हणाल, ही म्हातारी आणि सर्व्हर? तेच त्या साहेबांनाही वाटलं होतं!

*

मी सातवी पास. त्यापुढचं सगळं माझं मी. तीस वर्षं याच जिनिंगचा टेलिफोन बोर्ड चालवला. समोर चाळीस भोकं, हाताशी आठ दोऱ्या, कानात मुंबईचे व्यापारी. साठी आली तेव्हा मालकांनी बोर्ड काढला आणि भिंतीवर डब्याएवढी एक पेटी ठोकली. बोर्डाची खोली रिकामी झाली, ती शीलाताईंनी संस्थेसाठी मागून घेतली.

शीलाताई बाभुळगावच्या. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात देव नाहीत, पुस्तकं आहेत, असं त्या सांगायच्या. गावोगाव त्यांनी माहिती केंद्रं काढली होती. शाळेची एखादी खोली, एक संगणक, एक फोन, आणि ते सगळं चालवणारी गावातलीच एक बाई. बोंडअळीवर काय फवारायचं इथपासून नर्सिंगचा फॉर्म कुठं मिळतो इथपर्यंत सगळं तिथं विचारायचं.

त्या खोली बघायला आल्या तेव्हा मी माझ्याच स्टुलावर बसून होते. बोर्ड नव्हता, तरी बसून होते. त्यांनी विचारलं, "काकू, कॉम्प्युटर येतो का तुम्हाला?"

"येत नाही," मी म्हटलं. "पुस्तक ठेवून जा. महिन्याभरानं या."

महिन्याभरानं येत होता.

पुस्तक इंग्रजी होतं. मग काय झालं? बोर्डावरही सगळं इंग्रजीच लिहिलेलं होतं आणि तेही मला कोणी शिकवलं नव्हतं. शब्द अडला की डिक्शनरी, डिक्शनरी अडली की मी स्वतः. लोकांना वाटतं शिकण्यासाठी शाळा लागते. शिकण्यासाठी राग लागतो.

*

तिसरे आमचे रफिकभाई. मूळ नेरचे, स्टँडमागं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याचे वेढे मोजायचे, पुन्हा भरायचे. लिनक्स त्यांना एका मासिकाला चिकटून आलेल्या सीडीतून मिळालं. कोणी सांगितलं नाही, कोणी दाखवलं नाही. दुकानातला एक मोडका संगणक त्यांनी त्या सीडीवर जिवंत केला आणि मग थांबलेच नाहीत.

मी एकदा विचारलं, मोटारवाल्याला हे कसं जमलं. म्हणाले, "आपा, दोन्हीत एकच गोष्ट हाय. एक वेढा चुकला का सारं जळते. आन् गिऱ्हाईकाले इतकंच दिसते, चालू हाय का बंद."

मला भाऊ नाही. पण असता तर मोटारी भरणाराच असावा, असं त्या दिवशी वाटलं.

*

आता साहेबांचा किस्सा. पुढचे सगळे किस्से त्याच्या पोटातून निघाले.

संस्थेची मोठी कचेरी दूर शहरात. तिथले कॉम्प्युटरचे मुख्य साहेब दसऱ्याच्या सुमारास आमचं मशीन तपासायला आले. मूळचे साताऱ्याकडचे, शिकलेले परदेशात, बूट असे की आमच्या आवारात पाय कुठं ठेवू असं त्यांना व्हावं. त्यांनी मशीन बघितलं. जुनं होतंच, कुठल्या तरी कॉलेजनं टाकून दिलेलं. ते म्हणाले, यावर तीनशे खाती चालतील, फार तर चारशे.

शीलाताईंना तीन हजार हवी होती. प्रत्येक केंद्रात जी बाई मागेल तिला तिच्या नावाचं खातं.

साहेबांनी दुसरा तोडगा सुचवला. गावाला एकच खातं द्या, आमच्या शहरातल्या सर्व्हरवर. पत्रं सगळी त्यातच येतील, गावात वाटून घ्या.

वाटून घ्या! गावात पत्र वाटतं कोण? ज्याच्या हाती किल्ली तो. आणि किल्ली कोणाच्या हाती, हे सांगायला साताऱ्याला जावं लागत नाही. सातबारा नवऱ्याच्या नावाचा, रेशनकार्ड सासऱ्याच्या नावाचं. बाईच्या नावाचं गावात असतं काय? आता एक खातं होणार होतं, ज्याला तिचा स्वतःचा परवलीचा शब्द होता, आणि ते उघडायला तिच्याखेरीज कोणालाही हक्क नव्हता.

मी मध्येच बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "चालतील तीन हजार. याच मशीनवर."

साहेब हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी अट घातली. संक्रांतीला परत येईन. आलेली सगळी पत्रं आणि जागेवर असलेली सगळी पत्रं यांचा ताळा घेईन. एक जरी पत्र हरवलेलं निघालं, तर मशीन बंद आणि गावाला एक खातं.

ते गेल्यावर शीलाताईंनी मला विचारलं, "काकू, खरंच चालेल ना?"

मी रफिकभाईंकडं पाहिलं. रफिकभाई छताकडं पाहत होते.

*

खाती वाढवत गेलो. सहाशेवर मशीन दमलं. एकेक पत्र उघडायला इतका वेळ, की बाई तोवर भाकरी टाकून येई. रफिकभाई म्हणाले मेमरी कमी पडते, आणखी टाकावी लागेल. आणखी होती कुठं?

मी सेटिंगची फाइल उघडून वाचत बसले. आठ दिवस वाचली. त्यात साहेबांच्या माणसांनी एक आकडा घातला होता: एका वेळी जास्तीत जास्त किती जणांना आत घ्यायचं. अडीचशे!

मला हसूच आलं. अहो, माझ्या बोर्डावर चाळीस टेलिफोन होते आणि दोऱ्या आठ. तीस वर्षांत कोणाची तक्रार नाही. कारण चाळीस जण एका वेळी बोलत नाहीत. बोलले तरी दोन मिनिटं थांबतात. पण मी जर चाळिसांना एकदम दोऱ्या लावायला गेले असते, तर माझ्याच हातांचा गुंता झाला असता आणि कोणाचंच बोलणं झालं नसतं. मशीनचं तेच होत होतं. अडीचशे जणांना आत घ्यायचं, मग जागा पुरत नाही म्हणून सामान डिस्कवर हलवायचं, पुन्हा आणायचं, पुन्हा हलवायचं. काम शून्य, हमाली सगळी.

मी अडीचशे खोडून चाळीस केलं. रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाले, लोक वाढून राह्यले आन् तुमी दार लहान करता?

मशीन वाऱ्यासारखं पळायला लागलं.

साहेबांना फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, भोकांच्या आणि दोऱ्यांच्या.

*

मग मशीनला ताप आला.

दुपारी बारा वाजले की आपोआप बंद. हात लावावा तर तवा. हंगाम जोरात होता, शेजारी सरकी काढणारे रेचे अखंड फिरत होते, आणि हवेत रुई अशी की चहाच्या कपावर हात धरून प्यावं लागे. रफिकभाईंनी मशीन उघडलं. आतल्या पंख्यावर मूठभर रुई बसली होती, छान पिंजलेली. त्यांनी ती दोन बोटांनी काढली, उजेडात धरली आणि जाणत्या माणसासारखं म्हणाले, "धागा लांब हाय."

रोज उघडून साफ करायचं तर रोज मशीन बंद करावं लागणार. खिडक्या लावून बघितल्या, माणसं उकडली. शेवटी मी घरून माझं जुनं लुगडं आणलं, धुऊन धुऊन विरलेलं, वारा जाईल पण रुई अडेल इतकंच. त्याचा तुकडा चौकटीला ताणून पंख्यासमोर बसवला. दर शनिवारी काढायचा, झटकायचा, पुन्हा लावायचा.

शहरातून एक तपासणीस आले होते मधे. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं: उपकरणास देशी बनावटीचा गाळक बसविला आहे. रंग हिरवा.

*

तरी रोज सकाळी सव्वादहाला मशीन कोलमडायचं. सव्वादहा म्हणजे सव्वादहा. दहा मिनिटं कोणालाच आत जाता येत नसे, मग हळूहळू शुद्धीवर येई.

रफिकभाईंनी केबल बदलली, डिस्क तपासली, एक दिवस सगळं मशीन सुटं करून वर्तमानपत्रावर मांडलं आणि पुन्हा जोडलं. मोटारवाल्याचा स्वभाव, दोष आतच असणार. मी नोंदी वाचत बसले. मशीन सगळं लिहून ठेवतं, कोण आलं, कधी आलं. मीही आकडे मोजत राहिले आणि मलाही काही कळलं नाही. हे मी कबूल करते. रोज करत नाही.

शीलाताई सहज खोलीत आल्या. आम्ही दोघं जमिनीवर, मधे मशीनचे अवयव. त्यांनी किती वाजता बंद पडतं विचारलं, आणि भिंतीवर चिकटवलेल्या कात्रणावर बोट ठेवलं. लोडशेडिंगचं वेळापत्रक. तीन तालुक्यांची वीज सकाळी सव्वादहाला एकदम यायची. वीज आली की सगळी केंद्रं मेल बघायला मशीनला एकदम फोन लावायची!

आम्ही जिनिंगच्या जनरेटरवर. आम्हाला अंधाराची आठवणच नव्हती.

मग मी पत्रक काढलं, कोणत्या गावानं किती वाजून किती मिनिटांनी यायचं त्याचं. एकाही केंद्रानं पाळलं नाही. मारेगावकडच्या एका खेड्यातली आमची केंद्रवाली, पंचफुला, तिनं फोन करून मला सुनावलं. "काकू, लाइन आली का अठी नळाले पाणी येते. घड्याळ कोण पाहीन?"

तेवढ्यावर सगळं सुटलं. जिथं नळाचं पाणी विजेवर, त्या गावांनी आधी पाणी भरायचं, मग मेल. जिथं हातपंप, त्यांनी आधी मेल. पत्रकाची गरजच उरली नाही. सव्वादहाला मशीन बसायचं थांबलं, ते कायमचं.

साहेबांनी फोनवर विचारलं की लोड बॅलन्सिंगसाठी आम्ही काय वापरलं. शीलाताईंनी सांगितलं, "हंडे."

*

दोन हजारांवर गेलो आणि एक दिवस मशीन म्हणालं, डिस्क भरली. नवं पत्र घेणार नाही.

बघितलं तर डिस्क अर्धी रिकामी. मी तीनदा बघितलं. अर्धी रिकामी, आणि मशीन म्हणतं जागा नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रफिकभाई दोन दिवस डिस्कच तपासत राहिले. तिसऱ्या दिवशी आवारात हमाल कापसाच्या गाठी चढवत होते, तिथं जाऊन उभे राहिले. प्रत्येक गाठीला नंबराचा बिल्ला लावल्याशिवाय ती गोदामात जात नाही. तिथून धावत आले. म्हणाले, आपा, गोदामात जागा हाय. बिल्ले संपले.

आणि तसंच होतं. पूर्वी एका खात्याची सगळी पत्रं एकाच वहीत असायची. ती वही फुगून जड व्हायला लागली म्हणून आम्हीच प्रत्येक पत्राचा वेगळा कागद केला होता. आता कागद झाले लाखानं, आणि डिस्क बनवताना प्रत्येक कागदासाठी जे नंबर राखून ठेवलेले असतात ते संपले. उपाय एकच. सगळी पत्रं दुसरीकडं उतरवायची, डिस्क नव्यानं बांधायची, बिल्ले भरपूर ठेवायचे, आणि पत्रं परत आणायची. दुसरीकडं म्हणजे रफिकभाईंच्या नेरच्या दुकानात.

रविवारी केंद्रं बंद असत. रफिकभाई पत्रांची डिस्क गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीत बसले. मी शेजारी. खड्डा आला की ते डिस्क वर उचलायचे आणि स्वतः आदळायचे. कंडक्टर बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "काय हाय भाऊ त्याच्यात?"

"दोन हजार बायाइची पत्रं."

कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं. "मंग पोस्टात टाकाची होती ना."

संध्याकाळी सगळी पत्रं जागेवर होती. एकही कमी नाही. रफिकभाईंच्या पाठीत मात्र दोन आठवडे उसण.

*

खाती तीन हजार झाली. आता एकच दुखणं उरलं: लोक पत्रं पुसतच नव्हते. बाहेरच्या जाहिराती रफिकभाई दारातच अडवत, पण घरची पत्रं? बाजारभावाचं वर्षापूर्वीचं पत्र, झालेल्या सभेची सूचना, सगळं जिथल्या तिथं. मी सर्वांना पत्र पाठवलं की जुनी पत्रं पुसा. सर्वांनी ते वाचलं. आणि तेही जपून ठेवलं.

सगळ्यात भरलेलं खातं पंचफुलाचं. मी बस धरली आणि मारेगाव गाठलं, तिथून पुढं ऑटोनं तिच्या गावी. तावातावानं गेले होते. तिनं पाणी दिलं, गूळ दिला, आणि घरात नेऊन भिंत दाखवली. खुंटीला एक आकड्याची तार, आणि तारेत ओवलेली पत्रं. वर भावाची, खाली आईची, सगळ्यात तळाशी पिवळी पडलेली, तिच्या लग्नाआधीची. भाऊ तिकडं नेर तालुक्यात, कापूसवालाच. आता दर शनिवारी त्याच्या खात्यावरून मेल करायचा. काय लिहायचा? आज दोन मण वेचला. बैलाचा पाय बरा आहे. बस.

"हे पुसाले सांगता काय मले?" तिनं विचारलं. "पत्र फक्त एकच फाडतेत काकू. मानूस गेल्याचं. ते घरात ठेवाचं नसते, वाचलं का फाडाचं, बाहीर टाकाचं, हातपाय धुवाचे. बाकीचं सारं तारेले."

हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या आईनं माझ्यासमोर फाडलेली पत्रं मी बघितली आहेत. पण लिनक्सचं पुस्तक वाचता वाचता ते डोक्यातून पुसलं गेलं होतं.

बसमध्ये येताना मला वाटत होतं की मी हरले. रफिकभाईंना सांगितलं तर ते उठून बसले. पुसायचं नाही ना? मग तार बनवू. त्यांनी एक आज्ञा लिहिली. तीन महिन्यांपेक्षा जुनी पत्रं आपोआप दाबून, गाठीसारखी बांधून एका कप्प्यात जातील. कप्प्याचं नाव ठेवलं 'तार'. उघडलं की सगळी जशीच्या तशी. डिस्क एका दुपारी निम्मी मोकळी झाली.

हिंदुस्थानात कुठल्या इंजिनियरनं केलं असेल हे? एका वाइंडिंगवाल्यानं केलं, आणि ते त्याला एका खेड्यातल्या बाईनं शिकवलं.

संक्रांतीच्या आधी, दोनेक आठवडे, पंचफुलाचा फोन आला. आवाज नेहमीचाच. म्हणाली, "काकू, पत्र तारेले लावाचं नसन, मोडाचंच असन, त कोणतं बटन?"

मी खूश झाले. सांगितलं कोणतं ते. फोन ठेवून रफिकभाईंना म्हटलं, बघा, मारेगावची बाई शेवटी वळणावर आली!

*

संक्रांतीला साहेब आले. शीलाताईंनी तिळगूळ दिला. त्यांनी तो हातात धरला, तोंडात टाकला नाही, आधी ताळा.

आधी त्यांनी मशीनवर हात ठेवून बघितला. तीन हजार खाती, आणि मशीन थंड. लुगड्याचा तुकडा त्यांनी बोटानं चाचपला. चाळीसचा आकडा बघितला. 'तार' उघडून बघितली, बंद केली, पुन्हा उघडली. रफिकभाईंना त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि तिसऱ्याचं उत्तर स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. माझी मान ताठ झाली होती, नाही कशाला म्हणू.

मग ताळा लावला. आलेली पत्रं इतकी. खात्यात इतकी, तारेत इतकी.

अकरा कमी.

साहेबांनी पुन्हा लावला. अकराच. ते म्हणाले, माफ करा, पण अट अट असते. शीलाताई खुर्चीत बसल्या. मी इतकी वर्षं त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

रफिकभाईंनी मशीनच्या नोंदी काढल्या. काय झालं त्या अकरा पत्रांचं, ते मशीननं लिहून ठेवलेलं असणारच. छापून निघालेला कागद त्यांनी वाचला आणि साहेबांना न देता माझ्याकडं दिला.

अकरा ओळी. अकरा खाती, अकरा गावं. प्रत्येक ओळीत तेच: पत्र आलं, उघडलं, मिनिटभरात पुसलं. खातेदारानं स्वतः. मजकूर आम्हाला दिसत नव्हता आणि दिसत असता तरी मी बघितला नसता. बोर्डावर तीस वर्षं ऐकू येऊनही ऐकलं नाही, तो माझा धर्म. पण कोणाकडून आलं ते ओळीत होतं.

शेवटची ओळ पंचफुलाची. पत्र नेर तालुक्यातून आलेलं. दिवस शनिवार नव्हता. भावाच्या खात्यावरून नव्हतं, त्याच्या गावच्या केंद्रावरून होतं.

मी कागद साहेबांच्या हातात दिला.

"हरवली नाहीत साहेब," मी म्हटलं. "फाडली."

साहेबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिळगूळ त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. मग बोट एकेका ओळीवरून खाली नेत अकराव्यापर्यंत आले आणि तिथं थांबले.

त्यांनी कागद मधोमध फाडला. परत फाडला. कोपऱ्यातल्या डब्याकडं त्यांचा हात गेला आणि मागं आला. तुकडे मुठीत घेऊन ते बाहेर पडले, वजनकाटा ओलांडून फाटकाबाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. परत येताना हमालांच्या नळाशी थांबले. पायातले ते बूट काढले. हात धुतले, पाय धुतले.

तसेच ओल्या पायांनी आत आले आणि रफिकभाईंना म्हणाले, "यावर आणखी किती खाती बसतील?"